तिकिटावरचा व्रण

९ जानेवारी

बारक्या,

कसा आहेस ते शेवटी विचारीन, आधी बातमी ऐक. बाबांचं टपाल तिकीट निघणार आहे. चेष्टा करत नाही. खात्याचं पत्र आलं, ते मी तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. ‘नास्तिक समाजसुधारक’ असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ‘नास्तिक’ हा शब्द त्यांनी गिळला नाही याचंच मला नवल वाटलं. प्रकाशन वीस जूनला, नगरभवनाच्या सभागृहात.

ज्यांच्या घड्याळाच्या दुकानावर लोक चिखल मारायचे, त्यांना आता घरोघरच्या पाकिटांवर बसवणार. तुला आठवतं का, कुणी हटकून विचारायचं, घड्याळाला घडवणारा लागतो, मग जगाला नको का? बाबा भिंग न काढता म्हणायचे, असेल तर माल घेऊन ये म्हणावं त्याला, बरीच दुरुस्ती निघेल.

खात्याला फोटो हवाय. माझ्याकडे आहेत ते सगळे घोळक्यातले, त्यात बाबा वाटाण्याएवढे. समोर बघणारा चांगला फोटो तू घर सोडताना नेलास तो. पुठ्ठ्यात घालून पाठव, त्यावरून चित्र काढणार आहेत. सोबतच्या माहितीपत्रकाचा मजकूर मी लिहायचाय. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून लोकांच्या चुका काढल्या, बाबांवर एक पुस्तकही लिहिलं, पण चारशे शब्दांत बाप बसवायचा म्हणजे घाम फुटतोय.

तू येणार हे मी धरूनच चाललेय. फोन करत नाही, कारण त्या लिफ्टच्या मोटारींनी तुझे कान गेलेत आणि तू काहीही न ऐकता ‘हो हो’ म्हणतोस. लिहून कळव.

कसा आहेस?

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र लिफ्टच्या टपावर बसून वाचलं, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे. खाली लोक बटण दाबून माझ्या नावाने बोटं मोडत होते.

बाबांना गंमत वाटली असती. पाठीला थुंकी लावायची आणि तोंडावर शिक्का हाणायचा. हयातीत तरी लोकांनी त्यांच्याशी दुसरं काय केलं?

फोटो पाठवतोय. एकच सांगणं आहे. डाव्या भुवईवरचा व्रण चित्रकाराला काढून टाकायला सांग. बोटभर चित्रात तो छपाईचा डाग वाटेल. तूच म्हणायचीस ना, डाग दिसला की वाचणाऱ्याला मजकूर दिसत नाही.

रजेचं अजून विचारलं नाही. जूनमध्ये इथे तपासण्यांची गर्दी असते. बघतो.

बारक्या


१४ फेब्रुवारी

बारक्या,

चित्राचा कच्चा नमुना आला तो अगदी तुझ्या मनासारखा. कपाळ कसं, इस्त्री केल्यासारखं. अधिकारी म्हणाले, तिकीट प्रसन्न दिसलं पाहिजे. मी म्हटलं, प्रसन्न माणूस हवा होता तर दुसरा शोधायचा होता. तीन खेपा घातल्या. शेवटी चित्रकाराला दया आली आणि त्याने भुवईच्या वर बारीक टिंबांनी व्रण काढला. मी भिंगातून मोजली, नऊ टिंबं आहेत. त्या नऊ टिंबांसाठी माझ्या चपला झिजल्या, त्यामुळे आता तू कुरकुर करू नकोस. तो दगड पुसला तर बाबांच्या आयुष्यातलं उरलं काय?

माहितीपत्रकातला तेवढा भाग पाठवते. माझ्या पुस्तकातूनच उचललाय:

‘पाणीटंचाईच्या वर्षी चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या वस्तीला प्रार्थनाघराच्या आवारातला नळ बंद होता. तो खुला व्हावा म्हणून त्यांनी मोर्चा नेला. फाटकाशी राखणदाराने मारलेल्या दगडाने ते बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कोणाविरुद्धही तक्रार देण्यास नकार दिला. तिसऱ्या दिवशी नळ सर्वांना खुला झाला.’

तो राखणदार अजून जिवंत आहे म्हणे. असेना.

आता तुझं काम. त्या दिवशी मी आईजवळ घरी होते. आपल्या घरातलं मोर्चा डोळ्यांनी पाहिलेलं माणूस तू एकटाच उरलास. अकरा वर्षांचा होतास, पण सगळं आठवत असणार. व्यासपीठावर तुला दहा मिनिटं दिली आहेत. कार्यक्रम प्रार्थनेने सुरू करायची खात्याची पद्धत आहे म्हणे. मी सांगितलं, उत्सवमूर्ती उठून चालती होईल. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं.

रजेचं पक्कं कळव.

ताई


३ मार्च

ताई,

मला येता येणार नाही. रजा नाही. ती दहा मिनिटं दुसऱ्या कुणाला दे.

आणि राखणदाराचं वाक्य काढ. ‘गर्दीतून आलेल्या दगडाने’ एवढं पुरे. म्हातारा माणूस, घरात पोरंबाळं असतील. कशाला उकरतेस?

बारक्या


१३ मार्च

बारक्या,

तुला उत्तर लिहिते आणि फाडते, असं चारदा झालं. हे पाचवं आहे तसंच पाठवते.

तुला बाबांची लाज वाटते. आज नाही, पहिल्यापासून. एकोणिसाव्या वर्षी पिशवी उचलून निघालास. आई गेली तेव्हा चार दिवस राहिलास, बाबा गेले तेव्हा तीन. तुझी बायको प्रार्थनेला जाते ते मला ठाऊक आहे. तूही जायला लागलास का? लागला असशील तर जा, बाबांनी कुणाचा रस्ता अडवला नाही. पण झालेलं पुसायला मला सांगू नकोस. त्या माणसाच्या सदऱ्याला बाबांचं रक्त लागलं होतं, सगळ्या गावाने पाहिलं. त्याला कामावरून काढलं ते योग्यच झालं. बाबांनी तक्रार दिली नाही हा बाबांचा मोठेपणा, त्याचा निर्दोषपणा नव्हे.

‘पाहिलं ते सांगावं, न पाहिलेलं मानू नये’ हे बाबांचं वाक्य तिकिटाखाली छापणार आहेत. आणि त्यांचा मुलगा मला सांगतोय की पाहिलेलं झाक.

मजकूर मे महिन्याच्या अखेरीस छपाईला जाईल. राखणदाराचं वाक्य जाईल, आहे तसं. तुझी दहा मिनिटंही मी कुणाला देणार नाही. खुर्ची रिकामी राहू दे, लोकांना दिसू दे.

ताई


२५ मार्च

ताई,

दगड मी मारला.

एवढं लिहून मी उठलो, तोंड धुतलं, खिडकीशी उभा राहिलो, परत येऊन पाहिलं. वाक्य तिथेच होतं. आता पुढचं लिहितो.

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, हे तुला माहीत नाही. तुझ्याशी कुणी बोललं नाही की तू पुस्तक काढायचीस. मला पुस्तकात जाऊन बसता येत नव्हतं, मला फुटबॉल खेळायचा होता. मोर्चाच्या दिवशी वर्गातली पोरं प्रार्थनाघरासमोरच्या भिंतीवर चढून बसली होती. मी बाबांचं बोट सोडून त्यांच्यात गेलो. त्यांनी विचारलं, तू त्यांच्यातला की आमच्यातला? एकाने दगड माझ्या मुठीत दिला. मी फाटकावर नेम धरला होता, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं विचारशील तर नेम धरलाच नव्हता. पोरं बघत होती, आणि मी हात मोकळा केला.

बाबा त्याच वेळी वळले. त्यांनी मला पाहिलं. दगड लागायच्या आधी की नंतर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ते गुडघ्यांवर बसले आणि आडवे झाले.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. कुणी मारलं, असं त्यांनी विचारलं. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, ‘मी पाहिलं नाही.’

घरी आल्यावर मी वाट बघायला लागलो. आज मारतील, उद्या तरी विचारतील. पट्टी सुटली, टाके निघाले. त्यांनी मला पहिल्यासारखंच घड्याळाचं मागचं झाकण उघडायला शिकवलं, ताटातला गोड घास दिला, ताप आला तेव्हा उशाशी बसले. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. आठ वर्षं, ताई. मी जेवायला बसलो की समोर तो व्रण जेवायला बसायचा. शेवटी मला ते सोसेना, म्हणून मी गेलो. मला लाज वाटत होती हे तू बरोबर ओळखलंस. कुणाची, तेवढं चुकलीस.

बायकोबरोबर मी प्रार्थनेलाही गेलो, दोन वर्षं. तिथे लोक डोळे मिटून आपली चूक सांगतात आणि हलके होऊन घरी जातात. मला हेवा वाटायचा. पण बाबांनी मला असं काही घडवलं होतं की ज्याचं नुकसान केलं तो सोडून दुसरं कुणी माफ करू शकतं हे मनाला पटेचना. मी ज्यांचं नुकसान केलं त्यातले एक बाबा, ते गप्प राहून गेले. दुसरा तो राखणदार. त्याच्या दारात उभं राहायची माझी छाती झाली नाही. त्याची भाकरी माझ्या हातून गेली. आणि तू ते आता पुन्हा छापते आहेस, या वेळी सरकारी कागदावर.

बारक्या


४ एप्रिल

पत्र मिळालं. तू हे मनाचं रचून लिहिलंस असं समजायचा मी फार प्रयत्न करतेय. काही दिवस मला लिहू नकोस.

ताई


३० एप्रिल

ताई,

नको म्हणालीस तरी लिहितोय. टपालपेटी दिवसातून तीनदा उघडतो. शेजारीण विचारते, कुठून मोठ्या नोकरीचा कागद यायचाय का.

कामात लक्ष नाही. परवा एका इमारतीत दोर तपासल्याची सही केली आणि घरी जाताना अर्ध्या रस्त्यात आठवेना की तपासले होते का. परत गेलो, मशिनखोलीपासून तळाच्या खड्ड्यापर्यंत सगळे पुन्हा पाहिले. बरोबर होते. पहारेकऱ्याने विचारलं काही हरवलं का. हो म्हटलं.

शिव्या दे, पण लिही.

बारक्या


१६ मे

बारक्या,

मी राखणदाराकडे जाऊन आले.

त्याआधीचं सांगते. तुझं पत्र आल्यावर मला वाटलं मी तुझ्यावर संतापलेय. घरात एका जागी बसवेना. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची, दार लावलं का म्हणून जिन्यावरून परत यायचं. मग एका दुपारी माझंच पुस्तक काढलं आणि ते पान वाचलं. ‘राखणदाराने मारलेल्या.’ हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी कुणाला विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच्या पुस्तकात असं वाक्य आलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवलं असतं. देव न मानणाऱ्या बापाचा मी घरात देव करून ठेवला होता, आणि देवाला पुरावा मागायचा नसतो.

तो कालव्यापलीकडे राहतो, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एका खोलीत. एकोणऐंशी वर्षांचा आहे. मला दारातच ओळखलं, म्हणाला, नाक बापाचं आहे. खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली. मी घरून चांगली वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. नुसतं म्हटलं, दगड माझ्या भावाने मारला होता.

उचललेले कपडे त्याने खाटेवर ठेवले. मग म्हणाला, ‘ठाऊक आहे. तुझा बाप सांगून गेलाय.’

तू घर सोडलंस त्याच महिन्यात बाबा त्याच्याकडे गेले होते. त्यांनी सांगितलं, तू मारला नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, माझ्या पोराने मारला. राखणदाराने एकच मागितलं, हे चौकात सांगा. बाबा म्हणाले, सांगेन, पोरगा कुठे मार्गी लागला की सांगेन.

त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले.

मी त्याला विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगितलं लोकांना. तो म्हणाला की मी मारला नाही, मी मारला नाही, असं तो पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता, आणि घरच्यांनीही ऐकलं नाही. पुढे घड्याळजींच्या मुलाचं नाव घेतलं असतं तर लोकांनी उरलेली हाडंही मोडली असती. हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं.

परत येताना कालव्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. बाबांना वाटलं असेल की आपण तुला वाचवतोय. तुला काय मिळालं ते तुझ्या पत्रात वाचलं, आणि त्या माणसाला काय मिळालं ते पाहून येत होते.

दुसऱ्या दिवशी खात्यात गेले आणि म्हटलं, मजकूर बदला. अधिकारी घाबरले. वाद असेल तर तिकीटच थांबवावं लागेल म्हणाले. मी म्हटलं, थांबवा. म्हणून तर बसले, पण चार दिवस काही कळलं नाही. मग वरून निरोप आला, ‘गर्दीतून आलेल्या दगडाने’ एवढं चालेल. तूच सुचवलेले शब्द. पण तेवढ्याने आता माझं भागत नाही. बाबांनी चौकात सांगायचं कबूल केलं होतं. तू ये आणि सांग. येणं होत नसेल तर लिहून पाठव, मी वाचीन. राखणदाराला बोलावलंय. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

ताई


२९ मे

ताई,

सोबत एक पान आहे. ते सतरा वेळा लिहिलं. शुद्धलेखन हवं तसं सुधार, पण एक वाक्य खोडू नकोस: ‘माझ्या वडिलांनी मला वाचवण्यासाठी एका निरपराध माणसाला बुडू दिलं.’ वाचताना तुझी जीभ अडखळेल. थांब, पाणी पी, पण वाच.

रजेचं मी खोटं सांगितलं होतं. मागितली असती तर मिळाली असती. अजूनही मिळेल. पण त्या व्यासपीठावर उभा राहिलो तर मला शब्द फुटणार नाही आणि लोक म्हणतील, बिचारा, बापाच्या आठवणीने गहिवरला. ते मला नकोय.

बारक्या


२२ जून

बारक्या,

झालं. क्रमाने सांगते.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर खात्याचे अधिकारी, एक मंत्री, दोन प्राध्यापक आणि मी. मागे पडद्याखाली तिकिटाचं दाराएवढं मोठं चित्र. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, तेवढा पंख्यांचा आवाज ऐकू आला. मग बाबांचं गुणगान झालं. एका प्राध्यापकांनी बाबांना संत म्हटलं. मला हसू आलं, पण पुढची पाळी माझी होती.

मी तुझं पान वाचलं. पहिल्या ओळीला कुणाला कळलंच नाही. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तू सांगितलेल्या वाक्याशी आले आणि खरंच अडखळले. पाणी प्यायले आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, म्हणजे ऐकू आलं नाही असं कुणाला म्हणायला नको. चामडे कारखान्याच्या संघटनेचे जुने अध्यक्ष उठून म्हणाले की ही वेळ आहे का, वैऱ्यांच्या हाती कोलीत कशाला देता. मी म्हटलं, चार ओळी राहिल्यात, वाचून घेते. ते बाहेर गेले. त्यांच्याबरोबर सात-आठजण गेले.

वाचून झालं. काहीतरी करायला हवं म्हणून अधिकाऱ्यांनी घाईघाईने दोरी ओढली आणि पडदा पडला. बाबा एवढे मोठे, सगळ्यांकडे बघत.

तेव्हा मला राखणदार दिसला. दारापाशी काठी धरून उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. केव्हा आला देव जाणे, बघ, मीही हेच म्हणते. तो मधल्या वाटेने हळूहळू पुढे आला. लोक पाय आवरून घेत होते. चित्रासमोर थांबला आणि एखाद्याच्या घरी जाऊन त्याची वाट बघावी तसा बघत राहिला. मंत्र्यांनी त्याला घालायला हार पुढे केला, तो त्याने हाताने बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘कागद आहे का? मला पत्र घालायचंय.’

त्याच्या बोटांना आता पेन धरवत नाही. टपाल खात्याची माणसं बाहेर पाकिटांवर शिक्के मारत बसली होती, त्यांच्या टेबलाशी आम्ही बसलो. त्याने सांगितलं, मी लिहिलं. एकही शब्द बदललेला नाही. लिहिताना एका वाक्याला मला पेन खाली ठेवावं लागलं, कुठल्या ते तुला कळेल.

गावात निम्मे लोक माझ्याशी बोलायचे थांबलेत. आणि बाबा? परवापासून त्यांच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला उलट उत्तर देतात.

ताई


(सोबतचं पत्र)

घड्याळजींच्या मुला,

अक्षर तुझ्या बहिणीचं, बोलणं माझं.

तुझं पान ऐकलं. चौकात नाही, छपराखाली झालं, पण झालं. तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तू पोर होतास, तुझ्यावर तसा राग नव्हताच. राग तुझ्या बापावर आहे, तो तसाच राहील. आता तो तिकिटावर जाऊन बसलाय, त्याला मी काय करणार.

माझा मुलगा तुझ्याच शाळेत होता, दोन वर्ग पुढे. दगडवाल्याचा म्हणून पोरांनी त्याचे हाल केले. सोळाव्या वर्षी घर सोडून गेला, आडनाव बदललं. बंदरावर क्रेन चालवतो असं कळलंय. तो तुझ्या बापाला मानतो. तुझ्या बहिणीचं पुस्तक त्याच्याजवळ आहे, त्यात मी कोण आहे ते त्याने वाचलंय. अडतीस वर्षांत त्याचा एक कागद आला नाही. मी पाठवलेले परत येतात.

मला काही नको. मुलाचा पत्ता खाली दिलाय. मला लिहू नकोस, त्याला लिही. माझी तारीफ करू नकोस, झालं तेवढंच लिही. आणि लवकर लिही, मला दम लागतो.

राखणदार


२ जुलै

क्रेनवाले दादांना,

मी घड्याळजींचा मुलगा. शाळेत तुमच्या दोन वर्ग मागे होतो. पाकिटावर अनोळखी नाव बघून तुम्ही हे उघडलं असेल. फाडायच्या आधी एवढं वाचा, फार नाही.

प्रार्थनाघराच्या फाटकाशी माझ्या वडिलांना लागलेला दगड मी मारला. तुमच्या वडिलांनी नाही. हे वीस जूनला सगळ्या गावासमोर वाचून दाखवलं गेलं आहे.

त्या संध्याकाळी घरी आलेल्या तुमच्या वडिलांचा रक्ताने भरलेला सदरा तुम्ही पाहिला असेल. तो कसा भरला ते मी भिंतीवरून बघत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बहिणीलाही नाही, कारण हे सांगितलं की मी मदतीला खाली उतरलो नाही तेही सांगावं लागलं असतं.

माझे वडील पडले तशी मोर्चातली माणसं मागे पळाली. त्यांच्याजवळ कुणी उरलं नाही. मी भिंतीवरून उतरलो नाही. तुमचे वडील आतून फाटक उघडून धावत आले. त्यांनी मातीत बसून माझ्या वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगातल्या सदऱ्याचं टोक जखमेवर दाबून धरलं. पाणी आणा, पाणी आणा, म्हणून ते ओरडत होते. नळ वीस पावलांवर होता. कुणी हललं नाही. मग त्यांनीच माझ्या वडिलांना खांद्यावर टाकलं आणि नळापाशी नेलं. तो नळ सगळ्यांना खुला व्हायच्या आधी त्याखाली माझ्या वडिलांचं डोकं धुतलं गेलं, ते तुमच्या वडिलांच्या हातांनी. लोक परत आले तेव्हा त्यांना नुसते ते रक्ताळलेले हात दिसले.

मी पाहिलं ते एवढंच. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, ते मला चालेल.

मी रजा काढली आहे. अठरा तारखेला सकाळी तुमच्या वडिलांच्या दारात पोचेन. तुम्ही त्याआधी आला असाल, तर मी बाहेर थांबेन.